एका फाइलीत मावलेला संगणक

गेल्या पावसाळ्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. लेख आणि फोटो वाचले, कारण त्यांची प्रत होती. मोडली ती बसलेली घडी. चार वर्षांत एकेक करून टाकलेलं सॉफ्टवेअर, कुठल्या फाइलीत कोणती ओळ बदलली होती, यातलं निम्मं आठवेना. म्हणून नव्या डिस्कवर निक्सओएस हे लिनक्स घ्यायचं ठरवलं.

इतर लिनक्समध्ये आपण आज्ञा देत जातो: हे टाक, ते काढ. इथे मशीन कसं हवं त्याचं वर्णन ‘कॉन्फिगरेशन डॉट निक्स’ या फाइलीत लिहायचं आणि तसं मशीन उभं करणं निक्स या त्याच्या पॅकेज मॅनेजरवर सोपवायचं. ही कल्पना नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट विद्यापीठातली. एल्को डॉल्स्ट्रा यांचा त्यावरचा पीएचडी प्रबंध २००६ सालचा आहे.

पेनड्राइव्हवरून बूट आणि पार्टिशन नेहमीसारखंच. हार्डवेअरची फाइल एका आज्ञेसरशी तयार झाली. उरलेली मी लिहिली: वेळ एशिया/कोलकाता, वापरकर्ता, फायरफॉक्स, लोहित मराठी फॉन्ट, मराठी टायपिंगसाठी आयबस. एका ठिकाणी अर्धविराम राहिला आणि काम तिथेच थांबलं. मशीनवर मात्र काहीच बदललं नव्हतं. वर्णन नीट वाचता आल्याशिवाय निक्स कशालाही हात लावत नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तिसऱ्या दिवशी ग्राफिक्सची एक ओळ चुकली आणि स्क्रीन काळी. मशीन पुन्हा सुरू केलं. बूटच्या यादीत आदली ‘जनरेशन’, म्हणजे बदलाआधीची मांडणी, होती. ती निवडली आणि कालचा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर आला. हे जमतं, कारण निक्स जुन्यावर नवं लिहीतच नाही. प्रत्येक पॅकेज ‘निक्स स्टोअर’मध्ये स्वतंत्र फोल्डरात राहतं. फोल्डरच्या नावाआधी ३२ अक्षरांचा हॅश असतो आणि तो सोर्स, कंपायलर, पर्याय अशा सगळ्या घटकांवरून ठरतो. एक घटक बदलला की फोल्डर वेगळं.

त्याची किंमतही आहे. जुन्या जनरेशन साफ केल्या नाहीत तर डिस्क भरत जाते. आणि बाहेरून उतरवलेले तयार प्रोग्राम सहसा चालत नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनाच्या सॉफ्टवेअरला लायब्ररी नेहमीच्या जागी मिळेनात. त्यात माझा अख्खा रविवार गेला. शेवटी ‘निक्स-एलडी’ची ओळ घातली, हव्या त्या लायब्ररी नोंदवल्या आणि ते चालू झालं.

त्या ओळीच्या वर मी मराठीत टीप लिहिली आहे: तारीख, अडचण, उपाय. आता प्रत्येक बदलावर अशी टीप असते. माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल इथेच आहे. चार वर्षांनी ही फाइल उघडली तर मशीन असं का आहे, हेही त्यात वाचता येईल.

तुम्ही हा मार्ग घेतलात तर एक ध्यानात ठेवा. आपले लेख, फोटो, पत्रव्यवहार या वर्णनात येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी ठेवा आणि तिच्याशेजारी ही फाइलही ठेवा.