पाठीवरचे बिऱ्हाड

लेस्टर शहरात वेलफर्ड रोडवरील रग्बी मैदानाच्या शेजारी ग्रॅनबी हॉल्स नावाची एक विस्तीर्ण वास्तू होती. १९१५ मध्ये उभारलेल्या त्या वास्तूने पाऊणशे वर्षांहून अधिक काळ नगरवासीयांची नाना प्रकारची हौस पुरविली. तेथे प्रदर्शने भरली, चाकांचे बूट घालून तरुण मंडळींनी फेर धरले, गायनवादनाचे जलसे झाले. आणि १९८० च्या सुमारास एका बास्केटबॉल क्लबाने तेथे बिऱ्हाड मांडल्यावर, हिवाळ्यातील संध्याकाळी लाकडी जमिनीवर आपटणाऱ्या चेंडूचा नाद त्या उंच छपराखाली घुमू लागला. १९९९ मध्ये तिची दारे बंद झाली आणि २००१ मध्ये ती जमीनदोस्त झाली. वास्तू गेली, परंतु भाडेकरू टिकला. त्या भाडेकरूची हकीकत येथे सांगावयाची आहे. कारण ब्रिटनमधील व्यावसायिक बास्केटबॉल क्लबांत वयाने सर्वांत वडील असलेला हा लेस्टर रायडर्स क्लब आयुष्यातील पहिली जवळजवळ पन्नास वर्षे परक्याच्या छपराखाली राहिला, आणि त्याने जिंकलेल्या चषकांच्या यादीपेक्षा ही छपरासाठीची वणवणच मला त्याच्या चरित्राचा खरा धागा वाटते.

खेळ मूळचा अमेरिकेतील. स्प्रिंगफील्ड येथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये, बर्फामुळे घरात अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी, सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या टांगून तो रचला. ज्या संस्थेच्या आश्रयाने तो जगभर गेला ती स्वतः १८४४ मध्ये लंडनमध्येच जन्मलेली. तरीही इंग्लंडमध्ये त्याचे पाऊल फार काळ स्थिरावले नाही. स्त्रियांच्या व्यायाममहाविद्यालयांत त्याला निराळे वळण लागून त्यातून नेटबॉल निघाला, त्याचे नियम १९०१ मध्ये ग्रथित झाले, आणि शाळाशाळांतील मुलींनी तो आपलासा केला. पुरुषांचे मन मात्र फुटबॉल, रग्बी आणि क्रिकेट यांनी आधीच व्यापलेले होते. त्यातच एक व्यावहारिक अडचण अशी की, या तिन्ही खेळांना मोकळी हिरवळ पुरते, आणि बास्केटबॉलला मात्र अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद अशी सपाट जमीन, तीवर उंच छप्पर आणि भोवती प्रेक्षकांची आसने, एवढा सरंजाम लागतो. तो ज्याच्या मालकीचा नाही त्याला सामन्यांच्या तारखासुद्धा दुसऱ्याचे दफ्तर पाहूनच ठरवाव्या लागतात.

क्लबाची स्थापना १९६७ मधली, आणि तीही लेस्टरमधली नव्हे. तेथून दहा-बारा मैलांवर लफबरो नावाचे लहानसे गाव आहे; तेथील तंत्रमहाविद्यालयाला आदल्याच वर्षी विद्यापीठाची सनद मिळाली होती, आणि शारीरिक शिक्षणाचे केंद्र म्हणून त्या गावाचा लौकिक देशभर होता. अशा भूमीत ‘लफबरो ऑल-स्टार्स’ या नावाने हे रोप लागले. १९७२ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा तीत उतरलेल्या मोजक्या संघांत ते होते. पुढे मोठ्या शहराच्या व मोठ्या प्रेक्षागाराच्या ओढीने क्लब लेस्टरला आला, आणि कालांतराने रायडर्स हे नाव त्याला कायमचे चिकटले. १९८७ मध्ये ब्रिटिश बास्केटबॉल लीग स्थापन झाली. तिचा कारभार क्लबांनीच भागीदारीने चालवावयाचा आणि तीत खालून वर चढणे किंवा वरून खाली घसरणे नाही, अशी ती व्यवस्था होती. अशा लीगमध्ये तळाला गेल्याने कोणी मरत नाही. मरतो तो जमाखर्चाचा मेळ न बसल्यामुळे, किंवा खेळावयास जागा न उरल्यामुळे.

याची सत्यता मँचेस्टरने दाखवून दिली. १९९५ मध्ये तेथील नव्या भव्य प्रेक्षागारात मँचेस्टर जायंट्स आणि लंडनचा संघ यांचा सामना पाहण्यास १४,२५१ माणसे लोटली, आणि या खेळाचे दिवस पालटले असे अनेकांना वाटले. सहा वर्षांनी, २००१ मध्ये, तो क्लब हंगामाच्या मध्येच कोसळला. हजारोंचे ते प्रेक्षागार भाड्याचे होते, आणि भाडे काही प्रेक्षकांच्या उत्साहावर चुकते होत नाही. त्या संध्याकाळचा आकडा वाचताना मला आनंदापेक्षा हळहळच अधिक वाटते.

त्याच २००१ च्या आरंभी, ग्रॅनबी हॉल्सवर हातोडे पडत असतानाच्या वर्षात, रायडर्सनी राष्ट्रीय चषक जिंकला. प्रशिक्षक होते धाकटे बॉब डोनेवाल्ड, जे पुढे चीनच्या राष्ट्रीय संघाचे गुरू झाले. तो विजय म्हणजे पहाट असे मानणाऱ्यांना मात्र फार थांबावे लागले. त्यानंतरची वर्षे खऱ्या अर्थाने विंचवाच्या बिऱ्हाडाची होती. कधी लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाच्या क्रीडाकेंद्रात, कधी पुन्हा लफबरोच्या विद्यापीठात, म्हणजे जेथून निघालो त्याच गावी, असे मुक्काम हलत राहिले. विद्यापीठांनी आसरा दिला हे त्यांचे उपकारच. परंतु ज्या सभागृहात सकाळी विद्यार्थ्यांची परीक्षा व संध्याकाळी क्लबाचा सामना, तेथे प्रेक्षकाला आपले घर असे वाटावे तरी कसे?

अशा अस्थिरतेत २००८ मध्ये रॉब पॅटर्नोस्ट्रो हे अमेरिकन गृहस्थ प्रशिक्षक म्हणून आले, आणि त्यांना लगेच फळ मागण्याची घाई व्यवस्थापनाने केली नाही. ब्रिटनमधील क्लबांत खेळाडू दरवर्षी बदलतात. अमेरिकेतून आलेला तरुण एका हंगामाच्या करारावर येतो आणि चांगला निघाला तर दुसऱ्या वर्षी युरोपातील अधिक श्रीमंत क्लबात जातो. तेव्हा संस्थेची स्मृती जपणार कोण? छप्पर बदलत होते, खेळाडू बदलत होते. प्रशिक्षक मात्र तोच राहिला, आणि माझ्या मते क्लबाचे खरे घर काही वर्षे त्या एका माणसाच्या चिकाटीत होते. २०१२ मध्ये न्यूकॅसल ईगल्सनी देशातील चारही पारितोषिके पटकाविली होती. पुढल्याच वर्षी रायडर्सनी लीगचे अजिंक्यपद, चषक आणि हंगामाअखेरची बादफेरी अशी तीन जिंकली, आणि चषकाच्या व बादफेरीच्या दोन्ही अंतिम सामन्यांत न्यूकॅसललाच नमविले. हे सारे भाड्याच्या जमिनीवर सराव करून!

जानेवारी २०१६ मध्ये चार्टर स्ट्रीटवर नवे क्रीडागार उघडले. क्लब, लेस्टर कॉलेज आणि नगरपालिका यांनी हातभार लावून ते उभे केले. आसने सुमारे २,४०० आहेत. मँचेस्टरच्या प्रेक्षागारापुढे हा आकडा किरकोळ दिसेल. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण जे भरते तेवढेच बांधले. पुरस्कर्त्यांच्या इच्छेनुसार त्याचे नाव पुढे मॉर्निंगसाइड आणि मग मॅटिओली झाले. जागा हलली नाही. त्याच वसंतात लेस्टर सिटीने फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकून जगाला चकित केले. ती वार्ता आपल्याकडेही घरोघर पोचली; मात्र त्याच शहरात त्याच हंगामात रायडर्सही आपल्या लीगमध्ये अव्वल ठरले होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. २०१७ आणि २०१८ मध्येही त्यांनी ते पद राखले. घर मिळाल्यावर लागोपाठ तीन वर्षे अजिंक्यपद, याला मी केवळ योगायोग म्हणणार नाही.

त्यानंतरचे संकट छपराचे नव्हते, लीगचेच होते. डिसेंबर २०२१ मध्ये एका अमेरिकन गुंतवणूकदार कंपनीने ७० लक्ष पौंड देऊन लीगचा जवळजवळ निम्मा हिस्सा घेतला. ती कंपनीच आर्थिक अडचणीत आली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश बास्केटबॉल फेडरेशनने लीगचा परवाना रद्द केला. सदतीस वर्षांची व्यवस्था एका हुकुमासरशी संपली. क्लबांनी घाईने सुपर लीग बास्केटबॉल ही नवी संघटना उभारली, आणि शरद ऋतूत सामने सुरू झाले. रायडर्सनाही नव्या लीगमध्ये नव्याने नाव नोंदवावे लागले. अर्जावर घालावयाचा पत्ता मात्र जुनाच होता, चार्टर स्ट्रीट.