गणितयंत्र आणि सरकारी तिजोरी : बॅबेजच्या यंत्राची हकीकत (इ. स. १८२२ – १८४२)

१. विद्येला राजाश्रय असावा कीं नसावा हा वाद जुना आहे. परंतु राजाश्रय द्यावयाचा ठरल्यावर तो कशासाठीं द्यावा, कोणत्या अटींवर द्यावा आणि त्याचा हिशेब कोणत्या मापानें घ्यावा, हे प्रश्न वादापेक्षां जुन्या व्यवहारांच्या कागदांवरून अधिक चांगले उलगडतात. गणनशास्त्रापुरतें पाहिलें तर या प्रश्नाचें पहिलें मोठें उदाहरण इंग्लंडांतील चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) याच्या यंत्राचें होय. ब्रिटिश सरकारनें या यंत्रावर सतरा हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्च केली आणि १८४२ सालीं तें अपुरें टाकून दिलें. तेवढ्यावरून कोणी सरकारच्या अदूरदर्शीपणास, तर कोणी बॅबेजच्या तापट स्वभावास दोष देऊन मोकळे होतात. प्रस्तुत लेखांत व्यक्तिदोष बाजूस ठेवून व्यवहार कसा ठरला, पैसा कसा दिला गेला व काम कोठें अडलें, हें क्रमानें पाहावयाचें आहे. आज संगणकशास्त्रावर, विशेषतः त्याच्या केवळ तात्त्विक शाखांवर, सरकारनें कां खर्च करावा असें विचारलें जातें, त्या प्रश्नाचीं मुळें याच हकीकतींत सांपडतात.

२. गरज. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत समुद्रावरील वाहतूक, भूमापन, खगोलशास्त्र व आयुर्विमा या सर्वांचा भार छापील कोष्टकांवर होता. इंग्लंडांत १७६७ सालापासून नाविक पंचांग सरकारी व्यवस्थेनें निघत असे व त्याचें गणित पगारी गणक करीत. ‘कॉम्प्युटर’ हा इंग्रजी शब्द तेव्हां अशा माणसांनाच लावीत. या कोष्टकांत चूक शिरण्यास तीन दारें होतीं: एक गणिताचें, दुसरें नकलेचें व तिसरें छापखान्यांतील खिळे जुळविण्याचें. नाविकाच्या हातीं पडलेल्या पानावर एक अंक चुकला तर जहाजाचें स्थान चुके. म्हणून हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हता.

फ्रान्समध्यें राज्यक्रांतीनंतर तेथील सरकारनें दशमान पद्धतीस अनुसरून नवीं कोष्टकें करण्याचें काम द प्रोनी या स्थापत्यशास्त्रज्ञाकडे सोंपविलें होतें. त्यानें कामकऱ्यांचे तीन वर्ग केले. पहिल्या वर्गांतील मोजके गणिती सूत्र निवडीत; दुसरा वर्ग त्या सूत्रास अंकांचें रूप देई; आणि तिसऱ्या वर्गांतील साठ-ऐंशी माणसें केवळ बेरजा व वजाबाक्या करीत. या उद्योगांतून सतरा हस्तलिखित खंड तयार झाले, परंतु ते संपूर्णपणें कधींच छापले गेले नाहींत. तथापि त्यांतून एक गोष्ट सिद्ध झाली. गणिताचा मोठा भाग असा वेगळा काढतां येतो कीं, तो करणारास गणित येण्याची गरज राहत नाहीं. मग तो यंत्रानें कां करूं नये?

३. यंत्राचें तत्त्व. बॅबेजच्या पहिल्या यंत्राचें नांव ‘डिफरन्स इंजिन’, म्हणजे अंतरयंत्र. त्याचें तत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. एखाद्या संख्येचा वर्ग घ्यावा, त्यांत तीच संख्या मिळवावी व वर ४१ मिळवावे. शून्यापासून आरंभ केला तर ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशी मालिका येते. लगतच्या संख्यांचीं अंतरें २, ४, ६, ८. आणि या अंतरांचीं अंतरें सर्वत्र २. म्हणजे पुढील संख्या काढण्यास गुणाकार नको. ८ मध्यें २ मिळविले म्हणजे १०, व ६१ मध्यें १० मिळविले म्हणजे ७१. अशा रीतीनें केवळ बेरजांनीं कोष्टक वाढवितां येतें. लॉगॅरिथम, ज्या इत्यादि राशि अशा सूत्रांनीं थोड्या अंतरापुरत्या अचूक दर्शवितां येतात; म्हणून बेरीज करणाऱ्या दंतचक्रांची रांग उभी केली तर बहुतेक सर्व कोष्टकें यंत्रांतून निघूं शकतात. बॅबेजनें याला आणखी एक जोड दिली: यंत्रानेंच उत्तराचा ठसा उमटवावा, म्हणजे नकलेची व खिळ्यांची चूकही बंद होईल.

४. व्यवहार कसा ठरला. बॅबेजनें आपल्या लहान नमुन्याची माहिती १४ जून १८२२ रोजीं लंडनच्या ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढें मांडली. ३ जुलै रोजीं त्यानें रॉयल सोसायटीचा अध्यक्ष सर हंफ्री डेव्ही यास प्रकट पत्र लिहिलें. त्यांत प्रोनीच्या कामाचा दाखला आहे. १ एप्रिल १८२३ रोजीं सरकारी खजिन्याच्या कचेरीनें रॉयल सोसायटीचा अभिप्राय मागविला व १ मे रोजीं तो अनुकूल आला. त्यानंतर अर्थमंत्री रॉबिन्सन व बॅबेज यांची भेट झाली आणि पंधराशें पौंड मंजूर झाले.

पुढील सर्व अनर्थाचें बीज या भेटींत आहे. तिची टांचणी कोणीं ठेवली नाहीं. यंत्र सरकारचें, व तें पुरें होईपर्यंत लागेल तो पैसा सरकार देईल, असा बॅबेजचा समज झाला. खजिन्याचा समज असा कीं, एका विद्वानाच्या उपक्रमास ही ठराविक मदत केली. काम दोन-तीन वर्षांत उरकेल असें तेव्हां बॅबेजला वाटत होतें. मुदत, एकूण रक्कम, मालकी व काम अपुरें राहिल्यास काय करावयाचें, यांपैकीं एकही कलम लेखी ठरलें नाहीं. पुण्याच्या दप्तरांतील साध्या इमारतीच्या मक्त्याचा कागद वाचणारासही ही उणीव तत्काळ जाणवेल.

५. पैसा कोठें गेला. यंत्र बांधण्याचें काम जोसेफ क्लेमेंट या अत्यंत कुशल कारागिराकडे देण्यांत आलें. संपूर्ण यंत्रास सुमारें पंचवीस हजार भाग लागणार होते, आणि त्यांतील शेंकडों भाग एकमेकांशीं तंतोतंत सारखे असणें अवश्य होतें. त्या काळीं एका मापाचे असे भाग करण्याची सोय कोणत्याच कारखान्यांत नव्हती. म्हणून आधीं हत्यारें, मग त्या हत्यारांनीं भाग, असा क्रम पडला. खर्चाचा मोठा वांटा दृश्य यंत्रांत न दिसतां या पूर्वतयारींत गेला. त्याचें फळ मात्र वायां गेलें नाहीं. क्लेमेंटच्या कारखान्यांत काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ यानेंच पुढें १८४१ सालीं स्क्रूच्या आंट्यांचें एक प्रमाण सुचविलें, व तें इंग्लंडभर रूढ झालें. परंतु असा लाभ कोणत्याही सरकारी जमाखर्चांत यंत्राच्या नांवें जमा धरला जात नाहीं.

दुसरी अडचण हत्यारांच्या मालकीची. गिऱ्हाइकाच्या पैशानें केलेलीं हत्यारेंही कारागिराचींच, अशी त्या धंद्याची रूढि होती. त्यामुळें क्लेमेंटशीं बिघडलें तर दुसरीकडे काम नेणें अशक्य होतें. त्यांतच १८२७ सालीं बॅबेजचे वडील व पत्नी वारलीं आणि तो वर्षभर युरोपांत प्रवासास गेला. १८२९ सालीं रॉयल सोसायटीच्या समितीनें पुन्हां अनुकूल मत दिलें. मुख्य प्रधान वेलिंग्टन यानें स्वतः काम पाहिलें व पुढील रकमा मिळाल्या. आणि १८३० सालीं यंत्र सरकारी मालकीचें असल्याचें मान्य झालें. सात वर्षांपूर्वीं लिहावयाचें कलम तें आतां लिहिलें गेलें.

१८३२ च्या अखेरीस यंत्राचा सुमारें सातवा भाग जुळवून उभा राहिला. तो उत्तम चालत होता व आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्यें आहे. परंतु कारखाना बॅबेजच्या घराजवळ हलविण्याच्या मोबदल्यावरून व थकलेल्या बिलांवरून तंटा होऊन १८३३ सालीं क्लेमेंटनें काम बंद केलें व हत्यारें आपल्याकडे ठेवलीं. सतरा हजार पौंड म्हणजे किती, याची कल्पना येण्यास एक तुलना पुरे. १८३१ सालीं स्टीफन्सनच्या कारखान्यांतून अमेरिकेस गेलेल्या ‘जॉन बुल’ या आगगाडीच्या इंजिनाची किंमत ७८४ पौंड होती. तेवढ्या रकमेंत अशीं वीसांवर इंजिनें आलीं असतीं.

६. अखेरचा निर्णय. काम थांबलें असतां १८३४ सालीं बॅबेजला याहून व्यापक यंत्र सुचलें. अंतरयंत्र एकाच रीतीचें गणित करी. नवें ‘ॲनॅलिटिकल इंजिन’ मागावरील छिद्रांच्या पत्त्यांनीं दिलेल्या आज्ञेप्रमाणें कोणतेंही गणित करणार होतें. आणि मिळालेल्या उत्तरावरून पुढची क्रिया कोणती हेंही ठरविणार होतें. ही कल्पना बॅबेजनें त्याच वर्षीं सरकारला कळविली. खजिन्यानें तिचा अर्थ साहजिकच असा घेतला कीं, जुनें यंत्र अपुरें असतां हा गृहस्थ नव्या यंत्रासाठीं पैसे मागत आहे. आठ वर्षें उत्तर लांबलें. १८४२ सालीं पील याच्या मंत्रिमंडळांतील अर्थमंत्री गोलबर्न यानें राजज्योतिषी एअरी याचा सल्ला घेतला. त्यानें यंत्र निरुपयोगी असल्याचें मत दिलें, व नोव्हेंबरांत सरकारनें अंग काढून घेतलें.

हा निर्णय केवळ मूर्खपणाचा होता असें म्हणवत नाहीं. १८२२ सालीं बॅबेजनेंच आपलें यंत्र कोष्टकें करण्याचें साधन म्हणून पुढें केलें होतें. त्याच मापानें एअरीनें तें मोजलें. कोष्टकें गणकांकडून होतच होतीं, आणि वीस वर्षांत यंत्रांतून छापील पान एकही निघालें नव्हतें. यंत्राचें खरें मोल, म्हणजे ‘गणन’ ही क्रियाच अभ्यासाचा स्वतंत्र विषय होऊं शकते ही जाणीव, सरकारपुढील कोणत्याही अर्जांत नव्हती. ती शब्दांत उतरली ती निराळ्या ठिकाणीं. इटालियन गणिती मेनाब्रेआ याचा फ्रेंच निबंध १८४२ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे नकाराच्या आदल्याच महिन्यांत, जिनीव्हा येथें प्रसिद्ध झाला. आणि एडा लव्हलेस हिनें त्याचें भाषांतर करून त्यास मूळाहून मोठ्या टिपा १८४३ सालीं जोडल्या. यंत्र केवळ अंकांवर नव्हे, तर नियमबद्ध अशा कोणत्याही चिन्हांवर क्रिया करूं शकेल, हा विचार त्या टिपांत आहे. या लिखाणाला सरकारी पैसा लागला नाहीं. परंतु खर्चून अपुऱ्या राहिलेल्या यंत्रावांचून तें सुचलें असतें असेंही नाहीं.

७. पुढील पुरावा. स्वीडनमधील गेऑर्ग शॉइट्स व त्याचा पुत्र एडवर्ड यांनीं बॅबेजच्या यंत्राची हकीकत वाचून स्वतःचें अंतरयंत्र १८५३ सालीं पुरें केलें. स्वीडनच्या सरकारनें त्यास साहाय्य दिलें. त्याची एक प्रत ब्रिटिश सरकारनें जन्ममृत्यूंच्या नोंदणीखात्यासाठीं बाराशें पौंडांस करविली, आणि १८६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या आयुर्मान-कोष्टकाच्या कामीं विल्यम फार यानें तिचा उपयोग केला. तें यंत्र नाजूक होतें व कोष्टकांचा थोडाच भाग त्यावर निघाला. तरी अनुभव असा कीं, लहान व पुरें झालेलें यंत्र मोठ्या व अपुऱ्या यंत्रापेक्षां खजिन्यास समजावयास सोपें असतें. बॅबेजनें १८४७ ते १८४९ या काळांत आंखलेलें दुसरें अंतरयंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमनें १९९१ सालीं प्रत्यक्ष बांधलें, व तें बरोबर चाललें. आराखड्यांत दोष नव्हता, हें यावरून सिद्ध होतें. दोष व्यवस्थेंत होता.

८. आपल्याकडील दोन दाखले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं सुरू झाला. तेथें यंत्र हें साध्य नव्हतें. तें बांधतां बांधतां माणसें तयार झालीं, हा लाभ मोठा. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था तीस कोट रुपये व तीन वर्षांची मुदत ठरवून स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं ‘परम ८०००’ हें यंत्र १९९१ सालीं सिद्ध झालें. रॉबिन्सन व बॅबेज यांच्या भेटींत जीं कलमें राहून गेलीं, तींच येथें आरंभीं ठरलीं होतीं. परंतु केवळ मुदतीनें सर्व साधतें असेंही नाहीं. २००२ सालीं कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें मणींद्र अगरवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनीं एखादी संख्या मूळसंख्या आहे कीं नाहीं हें ओळखण्याची निश्चित व शीघ्र रीत शोधून काढली. या शोधाला ना दंतचक्रें लागलीं ना महासंगणक. लागला तो सरकारी विद्यापीठांतील पगार, शिष्यवृत्ति व निवांतपणा. त्याची मुदत आगाऊ कोणास लिहून देतां आली असती?

९. निष्कर्ष. पेशवाईंत श्रावणमासीं दक्षिणा वांटली जाई, ती विद्वानास त्याच्या विद्येबद्दल; त्यानें अमुक वस्तु अमुक दिवशीं करून द्यावी अशी अट तींत नसे. उलट मक्ता दिला जाई तो वस्तूसाठीं, व त्यांत मुदत, रक्कम व जामीन असत. हे दोन व्यवहार भिन्न आहेत आणि दोहोंची माहिती जुन्या राज्यकर्त्यांस होती. बॅबेजला हवी होती ती दक्षिणा. त्यानें मागितला मक्ता. आणि सरकारनें मक्त्याचीं कलमें न लिहितां दक्षिणेप्रमाणें पैसे देऊन शेवटीं मक्त्याप्रमाणें हिशेब घेतला. यंत्राला मक्ता योग्य, कारण त्याचें पुरेपण डोळ्यांस दिसतें. तत्त्वविचारास वर्षासन योग्य, कारण त्याचें फळ कोणत्या शेतांत उगवेल हें पेरणाऱ्यासही ठाऊक नसतें. दोहोंचा खर्च एकाच खात्यांत घालून एकाच मापानें मोजला, तर यंत्रही अपुरें राहतें आणि विचारही निराश्रित होतो. १८४२ सालच्या निर्णयापासून घ्यावयाचा बोध हाच होय.