सहकुटुंब समुद्रसफर आणि आरोग्यतपासणीचे बदलते नियम

आगबोटीचा प्रवास ही आपल्या सिंधुदुर्गातील जुन्या माणसांना नवलाची गोष्ट नाही. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग या बंदरांतून मुंबईस जाणाऱ्या बोटींनी गिरण्यांत व गोदीत राबणारी आपली कित्येक माणसे गेली आणि शिमग्या-गणपतीला परत आली. तो प्रवास पोटासाठी होता. हौसेखातर सहकुटुंब बोटीवर चढण्याचे दिवस आपल्या समाजात अलीकडचे. नोकरीतून निवृत्त झालेले बांधव, मिळवती झालेली मुले, एल.टी.सी.ची सोय यांमुळे ‘एकदा क्रूझने जाऊन येऊ’ असे बोलणे आता आपल्याही घरांतून ऐकू येते. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही प्रवासी बोट सुरू झाली तेव्हा कोकणात तिचे केवढे कौतुक झाले होते.

पण पैसे भरले, कपडे शिवले, रजा मंजूर झाली आणि ऐन निघण्याच्या आठवड्यात आरोग्यतपासणीचा नियम बदलला, असा अनुभव २०२० ते २०२३ या काळात हजारो कुटुंबांना आला. नियम का बदलतात आणि ते बदलत असताना आपण काय पाहावे, हे समजून घेण्यासाठी हा लेखनप्रपंच. विद्यार्थी वाचकांनी तो इतिहासाच्या अंगानेही वाचावा.

बोट आणि साथ यांचे नाते फार जुने आहे. आड्रियाटिक समुद्रावरील रागुसा म्हणजे आजचे दुब्रोवनिक. या बंदराने १३७७ साली प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस दिवस झाले आणि चाळीस या आकड्यावरूनच ‘क्वारंटाईन’ हा शब्द आला. आपल्या काळात चौदा दिवसांचे दहा झाले, दहाचे सात झाले, तेव्हा लोक चिडून म्हणत, ‘यांना स्वतःलाच ठाऊक नाही.’ परंतु आकडा बदलण्याची रीत सहाशे वर्षांपूर्वीची आहे.

आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. बंदरात येणारे किंवा बंदरातून सुटणारे जहाज तपासण्याचा, प्रवाशाला अडकवून ठेवण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारला मिळाला. त्याच साली मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटी बंद करण्यात आल्या. पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्यांचा जाच इतका झाला की त्यातून रँडचा खून घडला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच पुण्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या, ही गोष्ट मात्र आपल्याला फार उशिरा शिकवली गेली. हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. सव्वाशे वर्षांत रोग बदलला, कागद तोच राहिला.

बोटीवर साथ का फोफावते, हे ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजाने साऱ्या जगाला दाखवले. फेब्रुवारी २०२० मध्ये हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात अडकवून ठेवले गेले. जहाजावर ३७११ माणसे होती, त्यांपैकी ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. जहाजावर एकूण १३८ भारतीय होते व त्यांतील १३२ जण खलाशी व कामगार होते. प्रवाशांना खोलीत बसवले तरी त्यांना जेवण पोहोचवणाऱ्यांनी कोठे बसावे? गोव्यातील व आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुले जहाजांवर नोकरी करतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे. २०२२ च्या नव्या वर्षाच्या सुरुवातीस ‘कॉर्डेलिया’ कंपनीची क्रूझ सुमारे दोन हजार माणसांना घेऊन मुंबईहून मुरगाव बंदरात आली. एक कर्मचारी बाधित आढळला म्हणून कोणासच उतरू दिले नाही, सर्वांची तपासणी झाली आणि ६६ जण बाधित निघाले. बोट पुन्हा मुंबईस परतली. गोवा पाहायला निघालेल्या कुटुंबांनी तो नुसता डेकवरून पाहिला.

तपासणी झाल्यावरही बोटीवर रोग चढतोच कसा, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे कारण असे. आर.टी.पी.सी.आर. चाचणी नाका-घशातील नमुन्यात विषाणूचा अंश शोधते. आज लागण झाली तर उद्या तो अंश सापडेलच असे नाही, त्याला काही दिवस जावे लागतात. म्हणून निगेटिव्ह अहवाल हा ‘नमुना दिला त्या घटकेला सापडले नाही’ एवढेच सांगतो. पुढच्या चार दिवसांची हमी तो देत नाही. उलट बाजूही आहे. बरा झालेला माणूस कोणाला रोग देण्याच्या अवस्थेत नसला तरी मृत अंशामुळे त्याची चाचणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. जलद अँटिजेन चाचणी अर्ध्या तासात उत्तर देते, पण विषाणू थोडा असेल तर चुकते. म्हणजे एकीकडे अचूक पण उशिरा येणारे उत्तर आणि दुसरीकडे लवकर येणारे पण कच्चे उत्तर. सरकारे या दोहोंमध्ये हेलकावे खात राहिली. ७२ तास की ४८ तास, हा वाद मुळात यातलाच आहे. तास कमी केले तर अहवाल ताजा राहतो, पण प्रयोगशाळा लांब असलेल्यांना तो मिळेपर्यंतच मुदत संपते. साथीच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यात ही चाचणी होत नव्हती, नमुने बाहेर पाठवावे लागत. पुढे ओरोसला सोय झाली. मुंबईतील माणसाचे ४८ तास आणि दोडामार्गच्या आडगावातील माणसाचे ४८ तास सारखे नसतात, ही गोष्ट नियम लिहिणाऱ्याच्या टेबलावरून दिसत नाही.

नियमांचा घोळ कसा होतो हे पाहायचे तर मे २०२१ चा पहिला पंधरवडा पाहावा. ४ मे रोजी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने सल्ला दिला की प्रयोगशाळांवरचा ताण कमी करण्यासाठी, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या निरोगी माणसांची चाचणी पूर्णपणे काढून टाकावी. ६ मे रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सांगितले की १० मेपासून निगेटिव्ह अहवालाशिवाय कोणास गोव्यात घेऊ नये. मुदत ७२ तास. आणि १२ मे रोजी महाराष्ट्र शासनाने आदेश काढला की राज्यात कोणत्याही मार्गाने येणाऱ्याकडे ४८ तासांतला अहवाल हवा. एका पंधरवड्यात तीन अधिकारी संस्था आणि तीन दिशा! प्रत्येकीचे कारण खरे होते. परिषदेपुढे प्रयोगशाळांची रांग होती, न्यायालयापुढे गोव्यातील रोजचे मृत्यू होते, महाराष्ट्रापुढे दुसरी लाट होती.

आता सावंतवाडीहून पाहा. नमुना व अहवाल दोन्ही सोमवारी सकाळी ९ वाजता झाले असे सोयीसाठी धरू. गोव्याच्या दृष्टीने तो कागद गुरुवारी सकाळपर्यंत चालतो, महाराष्ट्राच्या दृष्टीने तो बुधवारी सकाळीच संपतो. बुधवारी दुपारी पत्रादेवीच्या नाक्यावर उभा असलेला माणूस गोव्याला चालतो, पण स्वतःच्या घरी परतायला चालत नाही. सहलीस गेलेल्याने हा खर्च एकदा सोसला. बांदा, सातार्डा, दोडामार्ग येथून रोज गोव्यात कामाला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी तो किती वेळा सोसावा? चाचणीचा दर शासनाने उतरवत आणला, हे मान्य केले पाहिजे. मार्च २०२० मध्ये केंद्राने ४५०० रुपयांची मर्यादा घातली होती, महाराष्ट्रात ३१ मार्च २०२१ नंतर केंद्रावर जाऊन नमुना दिल्यास ५०० रुपये लागत. पाच माणसांच्या कुटुंबाला २२,५०० ऐवजी २,५०० रुपये. तरीही आठवड्यातून दोनदा ५०० रुपये म्हणजे रोजंदारीवाल्याच्या हातातले काय उरते, हा हिशेब कोणीही करावा.

पुढे जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राने लसीचे दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना चाचणीतून सूट दिली. सूट योग्यच होती. पण १८ ते ४४ वयोगटाची लस सुरू झाली १ मे रोजी, आणि १३ मे रोजी कोव्हिशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे झाले. अगदी पहिल्या दिवशी, १ मे रोजी, लस मिळालेल्या भाग्यवंतालाही दुसरा डोस २४ जुलैपूर्वी नव्हता आणि त्याचे १४ दिवस भरत होते ७ ऑगस्टला. म्हणजे सूट जाहीर झाली तेव्हा कमावत्या वयातील बहुतेक तरुण तिच्या बाहेर होते आणि पेन्शनर आत होते. नियम वाचताना तो आपल्याला लागू आहे का, एवढेच पाहून भागत नाही. घरातील प्रत्येकाला लागू आहे का, हे पाहावे लागते, कारण सहकुटुंब प्रवासात एक जण अडला की सारे अडतात.

आमच्या समाजाला या विषयाची आणखी एक बाजू आहे. २०२० च्या गणपतीत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना १२ ऑगस्टपर्यंत यावे आणि दहा दिवस विलगीकरणात राहावे असे सांगण्यात आले, त्यानंतर येणाऱ्यांना चाचणीची अट होती. गावोगावी शाळा उघडल्या, समित्या बसल्या. बहुतेक ठिकाणी माणुसकीने झाले. पण ‘वाडीत येऊ नका’, ‘विहिरीवर येऊ नका’ हे शब्द ऐकताना आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा आला तर त्यांना दोष देता येत नाही. महाडच्या तळ्याचा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागतो: विलगीकरण रोगाचे असते, ते श्रीमंत-गरीब सर्वांना सारखे असते आणि त्याला शेवटची तारीख असते. ज्या विलगीकरणाला तारीख नाही किंवा जे एकाच वाडीला लागू होते, त्याला दुसरे नाव आहे, आणि ते आपण ओळखतो.

नियम बदलला म्हणजे पहिला नियम खोटा होता, असा समज आपल्याकडे फार आहे. येथे विनयपिटकाकडे पाहण्यासारखे आहे. भगवान बुद्धांनी सारे नियम एका दिवशी करून ठेवले नाहीत. प्रसंग घडला की नियम झाला, अडचण आली की त्यात भर पडली. चार किंवा अधिक भिक्खूंनी गटाने निमंत्रणाचे जेवण घेऊ नये असा गणभोजनाचा नियम आहे. पुढे आजाऱ्यांची अडचण आली, त्यांना सूट मिळाली. मग चीवर देण्याच्या व शिवण्याच्या काळाला, मग वाटचालीला सूट मिळाली, आणि पुढे चक्क नावेतून प्रवास करणाऱ्यांनाही! एकाच नियमाला एकामागून एक अशा सवलती जोडल्या गेल्या आणि प्रत्येक सवलतीमागचा प्रसंग ग्रंथात नोंदवून ठेवला गेला. आरोग्यतपासणीही तेथे आहे. मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय व अपस्मार हे पाच रोग पसरले तेव्हा जीवक वैद्याकडून उपचार मिळावेत एवढ्याचसाठी लोक प्रव्रज्या घेऊ लागले आणि बरे होताच चीवर सोडू लागले. जीवकाच्या विनंतीवरून बुद्धांनी या रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम केला आणि उपसंपदेच्या वेळी हे पाच रोग विचारण्याची प्रथा पडली. पण ज्या बुद्धांनी हा नियम केला त्यांनीच अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, हेही त्याच महावग्गात आहे. दारावरची चौकशी आणि आतल्या आजाऱ्याची सेवा ही दोन्ही कर्तव्ये आहेत. एकाचे निमित्त करून दुसरे टाळता येत नाही.

आता व्यवहाराचे. आज देशातल्या देशात प्रवासाला कोरोनाची चाचणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये परदेशाहून येणाऱ्यांचा ‘एअर सुविधा’ अर्ज बंद झाला होता, तर १ जानेवारी २०२३ पासून चीन, जपान, थायलंड आदी सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना पुन्हा चाचणी लागली आणि फेब्रुवारीत ती उठलीही. यावरून घ्यायचे ते हे की बंद झालेला नियम महिनाभरात दुसऱ्या रूपाने परत येऊ शकतो. म्हणून बुकिंग करतानाच रद्द करण्याची अट वाचावी: आजारपणामुळे न चढल्यास पैसे परत मिळतात की नुसती पुढची तारीख मिळते, हे लेखी घ्यावे. एजंट तोंडी काय सांगतो यावर जाऊ नये.

आदेश हाती आला की त्यात आधी तारीख पाहावी, मग तो कोणी काढला ते. बोटीच्या प्रवासात तीन मालक असतात: जेथून निघतो ते राज्य, जेथे उतरतो ते राज्य किंवा देश, आणि बोटीची कंपनी. तिघांपैकी सर्वांत कडक असेल त्याचा नियम पाळावा. तास कोठून मोजायचे हे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. काही आदेशांत नमुना दिल्यापासून मोजत, काहींत अहवाल निघाल्यापासून. आमच्या बँकेतल्या धंद्यात याचे चांगले उदाहरण आहे. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आणि ती चेकवरच्या तारखेपासून मोजतात, ग्राहकाच्या हाती चेक पडला त्या दिवसापासून नव्हे. कित्येक शिकलेली माणसे अजूनही काउंटरवर यावरून भांडतात. अहवालावरचे नाव आधार किंवा पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळावे. वडिलांचे नाव एकीकडे आणि आडनाव दुसरीकडे, अशी आपल्या कागदपत्रांची जुनी खोड आहे. ती निघण्याच्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी दुरुस्त करावी. लहान मुलांचे वय पाहावे. कोरोनाच्या काळात परदेशाहून येणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांना भारतात चाचणी माफ होती. गरोदर सून किंवा मुलगी बरोबर असेल तर आधीच विचारावे, कारण बऱ्याच क्रूझ कंपन्या २४ आठवड्यांनंतर बोटीवर घेत नाहीत.

परदेशी बोट आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या बाजूस जाणार असेल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला लागू शकतो. ती लस अधिकृत केंद्रावरच मिळते व दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य होतो. त्या दाखल्याची मुदत पूर्वी दहा वर्षे होती, ११ जुलै २०१६ पासून ती जन्मभराची झाली. तेव्हा जहाजावर नोकरी केलेल्या कोणाच्या पेटीत जुना पिवळा दाखला असेल तर तो फाडून टाकू नये.

चढण्याच्या आदल्या दिवसांत कोणास ताप, जुलाब झाले तर ते लपवून नेण्याचा मोह होतो, कारण पैसे भरलेले असतात. जुलाबाची साथ बोटीवर कोरोनाइतकीच झपाट्याने पसरते. अशा वेळी ज्याला बरे नाही त्याच्याजवळ घरातील एकाने थांबावे आणि बाकीच्यांनी जावे की सर्वांनीच तारीख पुढे ढकलावी, हे पैसे भरण्यापूर्वीच घरात बसून ठरवून ठेवावे. धक्क्यावर सामान हातात घेऊन हा निर्णय नीट होत नाही.