संकेतस्थळाचे बिऱ्हाड हलविताना

गिरगावात बिऱ्हाड बदलणे ही अलीकडे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. भुयारी मेट्रोच्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतील कित्येक कुटुंबांस जुन्या खोल्या सोडाव्या लागल्या. चाळींच्या पुनर्बांधणीमुळे कित्येकांनी आपले संसार काही काळ अन्यत्र मांडले. सामान हलविण्याचे काम दोन दिवसांत आटोपते. खरी यातायात त्यानंतर सुरू होते. नवा पत्ता बँकेस, विमा कंपनीस, मुलांच्या शाळेस आणि गावाकडच्या आप्तांस कळवावा लागतो, आणि ज्यास कळवावयाचे राहिले त्याचे पत्र जुन्या दारावरून परत जाते.

संगणकांच्या महाजालावर ज्यांनी आपले घर थाटले आहे त्यांसही केव्हा ना केव्हा बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग येतो. ठाकूरद्वाराच्या आसपास नुसती नजर टाकली तरी शाळा, वाचनालये, उत्सव मंडळे, शिकवणीवर्ग, छापखाने, लहानमोठी दुकाने अशा किती तरी संस्था दिसतील की ज्यांचे संकेतस्थळ आहे व ज्यांचा पत्रव्यवहार बहुतांशी ई-मेलनेच चालतो. त्यांपैकी पुष्कळांची तक्रार एकच असते: स्थळ वारंवार बंद पडते, पत्रे पोहोचत नाहीत, आणि ज्याच्याकडे हे काम सोपविले तो दूरध्वनी उचलत नाही. मग तेथून निघत का नाही, असे विचारले तर उत्तर मिळते, "निघालो तर आमचा पत्ताच जाईल." हे भय कितपत खरे आहे याचा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ज्यास लोक सरसकट 'वेबसाइट' म्हणतात त्यात वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट नाव, म्हणजे डोमेन. हे नाव नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीने घ्यावयाचे असते. दुसरी गोष्ट जागा, म्हणजे होस्टिंग. अहोरात्र चालू असणाऱ्या कोणा दूरच्या संगणकावर आपली पाने व चित्रे ठेवण्यासाठी ही भाड्याने घेतात. तिसरी गोष्ट टपाल, म्हणजे ई-मेलची व्यवस्था. या तिन्ही गोष्टी एकाच दुकानातून घेता येतात, आणि सोय म्हणून बहुतेक लोक तसेच करतात. परंतु त्या एकाच ठिकाणी असल्या पाहिजेत असा मुळीच नियम नाही. नाव एकाकडे, जागा दुसऱ्याकडे आणि टपाल तिसऱ्याकडे, असे खुशाल ठेवता येते.

हे शक्य कसे होते ते पाहण्यासारखे आहे. महाजालावरील यंत्रे एकमेकांस अंकांनी ओळखतात. माणसांस अंक लक्षात राहत नाहीत. आरंभी यंत्रे थोडी होती तेव्हा सर्व नावांची व अंकांची एकच यादी अमेरिकेतील एका संस्थेत ठेवीत असत, आणि इतरांनी ती उतरवून घ्यावयाची असे. यंत्रे वाढली तशी ती यादी आवरेनाशी झाली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस नावाची पद्धत योजिली. तीत एकच वही नसून वह्यांची परंपरा आहे. 'डॉट इन' कोणाच्या ताब्यात आहे हे सर्वांत वरची वही सांगते. त्यांतील अमुक नावाची वही कोठे आहे हे 'डॉट इन'ची वही सांगते. आणि त्या शेवटच्या वहीत मालकाने स्वतः लिहून ठेवलेले असते की, माझे स्थळ अमुक यंत्रावर आहे व माझे टपाल तमुक यंत्राकडे द्यावे. बिऱ्हाड हलविणे म्हणजे या शेवटच्या वहीतील एकदोन ओळी बदलणे, याहून अधिक काही नाही. नाव तेच राहते. चाळीतल्या माणसाने खोली बदलावी आणि तरीही पत्रावर जुनाच पत्ता घालून चालावे, अशी ही सवलत आहे. प्रत्यक्ष टपालखात्याने ती कोणास दिल्याचे ऐकिवात नाही.

परंतु ही सवलत त्यासच मिळते, ज्याचे नाव स्वतःचे आहे. आमच्या शहराने याचा पडताळा फार लवकर घेतला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य लोकांस इंटरनेट खुले केले, व पहिल्या शहरांत मुंबई होती. त्या काळी येथील ग्राहकास जो ई-मेलचा पत्ता मिळे त्यात त्याच्या नावापुढे 'जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन' अशी लांबलचक शेपटी असे. तीतील 'बीएम' ही अक्षरे बॉम्बेची, आणि शेवटचा अंक निगमाच्या यंत्राचा. (त्याच वर्षी शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले; पत्त्यांत मात्र जुनेच नाव नांदत राहिले.) पुढे 'बॉम' या अक्षरांपुढे निरनिराळे अंक असलेले पत्ते आले, आणि त्यानंतर सुटसुटीत 'व्हीएसएनएल डॉट कॉम' आले. व्यापाऱ्यांनी, वैद्यांनी, संस्थांनी मोठ्या अभिमानाने हे पत्ते आपल्या पत्रकागदांवर व पाट्यांवर छापून घेतले. ते सर्व पत्ते दुसऱ्याच्या घरातले होते. ज्याने वर्गणी भरणे सोडले, किंवा अधिक वेगाची जोडणी दुसऱ्या कंपनीकडून घेतली, त्याचा पत्ता तेथेच राहिला. २००२ साली निगम टाटा समूहाकडे गेला, २००८ साली त्याचे नावही बदलून टाटा कम्युनिकेशन्स झाले. ग्राहकाने काही अपराध न करताच पाटीवरील पत्ता जुना ठरला.

तेव्हा लोकांनी स्वतःचे नाव का घेतले नाही, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास एक कारण असे की, 'डॉट इन'खालील नाव मिळणे त्या वेळी सोपे नव्हते. १९८९ सालापासून ही नोंदवही आमच्याच शहरात, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होती, आणि नियम कडक होते. २००५ च्या आरंभी निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली नोंदणी सर्वांस खुली झाली. २०१४ साली देवनागरीत 'डॉट भारत' अशी नावेही घेता येऊ लागली. आता नाव नसल्यास ती सबब चालणार नाही.

परदेशांतही याहून निराळे घडले नाही. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीज या स्थळावर लोकांस फुकट जागा मिळत असे, आणि गंमत अशी की तेथे आमच्या वाड्यांप्रमाणे विषयवार मोहल्ले व घरक्रमांक होते. १९९९ साली याहू कंपनीने तो सारा गाव विकत घेतला व २००९ साली मोडून टाकला. रहिवाशांस आपले सामान उचलून नेता आले, पण घरक्रमांक नेता आला नाही.

आता प्रत्यक्ष हलविण्याकडे वळू. नवी जागा पाहताना जाहिरातीतील टक्क्यांनी भुलू नये. '९९ टक्के वेळ चालू' हे वचन कानास गोड वाटते. परंतु वर्षाच्या ८,७६० तासांतून उरलेला एक टक्का म्हणजे सुमारे ८७ तास, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक होतात. तेच ९९.९ टक्के असल्यास पावणेनऊ तास. त्याहीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की, संपूर्ण सामानाची प्रत ग्राहकास स्वतःच्या हाताने केव्हाही उतरवून घेता येते की नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या यंत्रगृहास आग लागून एक इमारत संपूर्ण भस्मसात झाली. कंपनी लहान नव्हती, यंत्रे जुनाट नव्हती. तरी ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेविली नव्हती त्यांपैकी कित्येकांचे सर्वस्व गेले.

जागा ठरली म्हणजे जुनी सोडण्याची घाई करू नये. दोन्ही जागांचे भाडे महिनाभर भरावे लागले तरी तो खर्च वाया जात नाही. प्रथम सर्व पाने नव्या जागी उतरवून तेथे ती नीट दिसतात की नाही हे पाहावे. मराठी स्थळांच्या बाबतीत येथे एक विशेष खोच आहे. यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'ठाकूरद्वार' या एका शब्दात काना, उकार व हलन्त धरून दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट झाले. नकल करताना यंत्रास ही पद्धत सांगावयाची राहिली, तर इंग्रजी मजकूर जसाच्या तसा येतो आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. काम करणारा मराठी जाणत नसेल तर त्याच्या ते ध्यानातही येत नाही. म्हणून मराठी वाचणाऱ्या कोणीतरी प्रत्येक विभागातील निदान एक पान डोळ्यांखालून घालावे.

त्यानंतर वहीतील ओळ बदलावयाची. जगभरातील यंत्रे एकदा वाचलेली ओळ काही काळ स्मरणात ठेवतात. हा काळ किती असावा हे मालकासच लिहिता येते. तो एक दिवसाचा असेल तर एक दिवसपर्यंत काही लोक जुन्या दारी जात राहतील. शहाणे लोक बदल करण्याच्या एकदोन दिवस आधी ही मुदत पाच मिनिटांवर, म्हणजे ३०० सेकंदांवर आणून ठेवतात.

सर्वांत नाजूक भाग टपालाचा. जुन्या पेटीतील पत्रे नव्या पेटीत आपोआप येत नाहीत. ती स्वतंत्रपणे उतरवून घ्यावी लागतात. शिवाय अमुक नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या यंत्रास आहे हे वहीत नमूद करावे लागते, आणि पत्रावर एक प्रकारची मोहोर उमटवावी लागते. या नोंदींस एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क अशी नावे आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांस या नोंदी सक्तीच्या केल्या. त्या नसल्या तर शाळेने पालकांस धाडलेली सूचना टाकाऊ पत्रांच्या ढिगात जाऊन पडते. शाळा म्हणते धाडली, पालक म्हणतात मिळाली नाही, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

नावच बदलावे लागले तर काय होते, याचे मोठे उदाहरण नुकतेच घडले. सारख्या दिसणाऱ्या नावांच्या खोट्या स्थळांनी लोकांची फसवणूक होऊ लागल्यामुळे रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ रोजी सर्व बँकांस, सहकारी बँकाही त्यांत आल्या, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'ने संपणारे नाव घेण्याचा आदेश दिला. ही नावे हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच देते, व ती बँकांखेरीज इतरांस मिळत नाहीत. पालकांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे की, 'बँक डॉट इन' ही अक्षरे नावाच्या अगदी शेवटी असली पाहिजेत; ती मध्येच असून त्यापुढे बिंदू देऊन आणखी काही लिहिलेले असेल, तर ते स्थळ बँकेचे नव्हे.

लहान संस्थांत मात्र नाव जाते ते बहुधा आदेशाने वा आगीने नव्हे. उत्सव मंडळाचे नाव कोणा उत्साही कार्यकर्त्याने स्वतःच्या ई-मेलवर नोंदविलेले असते. तो नोकरीनिमित्त परगावी जातो. मुदत संपल्याची पत्रे त्याच्या जुन्या पेटीत पडून राहतात. मुदतीनंतरही नाव सोडवून घेण्यास काही दिवस मिळतात, पण दंड भरावा लागतो. तेही दिवस गेले की ते नाव कोणीही घ्यावे. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे असावी, सूचना दोघांच्या पेटीत जाव्या, आणि त्या दोहोंपैकी एक तरी पेटी त्या नावावर अवलंबून नसावी; कारण नाव बंद पडले की त्यावरील टपालही बंद पडते, व सूचनाही त्यातच अडकते.

विद्यार्थी मित्रांस यात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पुष्कळ शाळा-महाविद्यालये विद्यार्थ्यास आपल्या नावाखाली ई-मेलचा पत्ता देतात. संस्था सोडल्यावर तो पत्ता बहुधा बंद होतो. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, बँकखाते यांसाठी तोच दिलेला असेल, तर दाखला घेण्यापूर्वीच स्वतःचा पत्ता सर्वत्र नोंदवावा, आणि जुन्या पेटीतील कामाची पत्रे व चित्रे उतरवून घ्यावी. या कामास दोन संध्याकाळी पुरतात. निकालानंतरच्या धांदलीत ते होत नाही.