अग्निबाणाचा परतीचा प्रवास

माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ या अग्निबाणाची उंची सुमारे ११० मीटर होती. त्यातून पृथ्वीवर परत येई तो केवळ चार मीटर व्यासाचा, शंकूच्या आकाराचा एक कक्ष. बाकी सारे समुद्रात पडे, जळून जाई, चंद्रावर आदळे किंवा अवकाशातच राही. अवकाशप्रवास इतका खर्चिक का, याचे बरेचसे उत्तर येथेच मिळते.

मग सबंध अग्निबाण परत का आणू नये? अडचण वजनाची आहे. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार, भूकक्षेत जाणाऱ्या अग्निबाणाच्या आरंभीच्या वजनापैकी सुमारे नऊ-दशांश भाग इंधन व ऑक्सिजन यांनीच व्यापलेला असतो. उरलेल्या एक-दशांशात टाक्या, एंजिने आणि वाहून न्यावयाचे सामान बसवावे लागते. परतीची सामग्रीही याच तुटपुंज्या हिश्शातून काढावयाची. वरच्या टप्प्यावर एक किलो वजन वाढले, की सामानात एक किलो घट होते.

अमेरिकेच्या स्पेस शटलने १९८१ ते २०११ या काळात १३५ उड्डाणे केली. त्याचे पंख असलेले यान परत येई. पण मोठी बाह्य टाकी दरवेळी नष्ट होई, आणि यानाच्या हजारो उष्णतारोधक फरशा तपासून पुढील उड्डाणाची सिद्धता करण्यात फार काळ जाई. वस्तू परत मिळणे आणि ती लगेच पुन्हा वापरता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा शटलचा धडा होय.

स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीने आपल्या स्टारशिप या अग्निबाणाचे दोन्ही टप्पे परत आणण्याचे ठरवले. टेक्सासच्या समुद्रकिनाऱ्यावरून उडणाऱ्या या अग्निबाणाची उंची १२० मीटरांहून अधिक असून खालच्या टप्प्यात ३३ एंजिने आहेत. ती मिथेनवर चालतात. केरोसीनच्या मानाने मिथेनची काजळी फारच कमी धरते. सांगाडा पोलादाचा आहे, कारण ते अतिशीत इंधनही सोसते आणि उष्णताही.

खालच्या टप्प्याला उतरण्यासाठी पायच नाहीत. पायांचे वजन वाचावे म्हणून उड्डाणतळावरील मनोऱ्याचे दोन प्रचंड बाहू त्याला हवेतच धरतात. एप्रिल २०२३ मधील पहिले उड्डाण सुमारे चार मिनिटांत स्फोटाने संपले. परंतु १३ ऑक्टोबर २०२४ रोजी मनोऱ्याने हा टप्पा प्रथमच झेलला, आणि मे २०२५ मध्ये एकदा वापरलेला टप्पा पुन्हा उडाला.

वरच्या टप्प्याचे काम याहून कठीण आहे. खालचा टप्पा ताशी पाच-सहा हजार किलोमीटर वेगाने सुटा होतो. वरचा मात्र ताशी सुमारे सत्तावीस हजार किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो. वेग पाचपट झाला, की दर किलोमागील ऊर्जा पंचवीसपट होते, आणि तिचे रूपांतर उष्णतेत होते. २०२५ अखेरपर्यंत झालेल्या अकरा उड्डाणांत काही याने ही आच सोसून समुद्रावर अलगद उतरली. परंतु एकही यान पुन्हा उडाले नाही. शटलला ज्या प्रश्नाने अडवले तोच प्रश्न, फरशांचे कवच डागडुजीवाचून पुन्हा वापरता येईल काय, येथेही निर्णायक ठरणार आहे.