दहा सेकंदांसाठी माउंट केवढं लागतं?

दुर्बिणीच्या नेत्रिकेच्या जागी छोटा कॅमेरा बसवायचा, पाच-दहा सेकंदांचे फोटो एकामागून एक घ्यायचे आणि संगणकाने ते जागच्या जागी एकमेकांवर रचत जायचं. पडद्यावर तेजोमेघ उमलत जातो, मागे उभ्या असलेल्या दहा जणांना तो एकाच वेळी दिसतो. इलेक्ट्रॉनिक साहाय्याने केलेलं हे आकाशनिरीक्षण, थोडक्यात ईएए, शहरात राहणाऱ्यांसाठी मोठं वरदान आहे. मुंबई-पुण्याच्या उजळलेल्या आकाशात दीर्घिका डोळ्यांनी दिसत नाहीत, कॅमेऱ्याने दिसतात.

मात्र दुर्बीण पेलून फिरवणारं माउंट घेण्याची वेळ आली की सल्ला मिळतो तो खगोल-छायाचित्रकारांचा. पाच-पाच मिनिटांचे फोटो घेऊन, घरी दिवसचे दिवस बसून त्यांवर काम करणाऱ्यांचा अनुभव खरा असतो, पण त्यांची गरज वेगळी असते. ईएएमध्ये माउंटला एका दमात फार तर दहा-पंधरा सेकंद तारा धरून ठेवायचा असतो. ही एक गोष्ट लक्षात घेतली की ठाम नियम म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच सूचना गैरसमज ठरतात.

«कॅमेरा लावायचा तर इक्विटोरियलच हवं, अल्ट-अ‍ॅझ चालत नाही»

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज हाच. इक्विटोरियल माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो, त्यामुळे एकाच अक्षावर फिरून ते ताऱ्याचा माग घेतं. अल्ट-अ‍ॅझ माउंट उंची आणि दिगंश अशा दोन्ही दिशांनी थोडं थोडं सरकत माग घेतं. त्यात तारा मध्यभागी टिकतो, पण त्याच्याभोवतीचं दृश्य सावकाश फिरत राहतं. हे क्षेत्रभ्रमण खरं आहे. प्रश्न एवढाच, की दहा सेकंदांत ते किती होतं?

याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: तुमचा अक्षांश, वस्तूची दिशा आणि तिची उंची. ठीक पूर्वेला किंवा ठीक पश्चिमेला भ्रमण शून्य असतं. उत्तरेला-दक्षिणेला ते वाढतं, आणि वस्तू माथ्याकडे चढू लागली की भराभर वाढतं. पुण्याच्या साडेअठरा अंश अक्षांशावरून मृगातला मोठा तेजोमेघ, म्हणजे एम ४२ घेऊ. तो पूर्वेला ३० अंशांवर असताना दृश्य तासाला सुमारे ५ अंश फिरतं. तोच दक्षिणेला मध्यावर, ६६ अंशांवर आला की हा वेग तासाला ३५ अंशांवर जातो. ईएएमध्ये खूप वापरल्या जाणाऱ्या १९३६ गुणिले १०९६ पिक्सेलच्या सेन्सरवर याचा परिणाम काय? पहिल्या स्थितीत दहा सेकंदांत अगदी कोपऱ्यातला तारा पाव पिक्सेलच्या आसपास सरकतो, दुसऱ्या स्थितीत सुमारे दोन पिक्सेल. पहिलं दिसतच नाही. दुसरं फक्त कोपऱ्यात आणि तेही चित्र मोठं करून पाहिलं तर दिसतं. एका फोटोकडून पुढच्या फोटोपर्यंत जे फिरणं होतं ते शार्पकॅपसारखी सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतले तारे जुळवून, चित्र उलट फिरवून काढून टाकतात. अर्ध्या तासाच्या रचनेत कडा थोड्या कापल्या जातात, बस.

एक बाब मात्र महाराष्ट्रातल्या निरीक्षकाने आवर्जून ध्यानात घ्यावी, कारण युरोपात लिहिलेल्या मार्गदर्शकांत ती सापडत नाही. लंडनहून एम ४२ मध्यावर आला तरी ३३ अंशांपेक्षा फारसा वर चढत नाही आणि तिथे त्याचं भ्रमण तासाला ११ अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे ते तिप्पट आहे. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्या बहुतेक आवडत्या वस्तू डोक्यावरून जातात. वृषभेतला क्रॅब तेजोमेघ पुण्यात खमध्यापासून जेमतेम साडेतीन अंशांवरून जातो. त्या क्षणी क्षेत्रभ्रमण तासाला दोनशे अंशांच्या वर असतं आणि दहा सेकंदांत कोपऱ्यातला तारा बारा-तेरा पिक्सेल ओढला जातो. एक तास थांबा: क्रॅब ७५ अंशांवर उतरलेला असतो आणि भ्रमण तासाला १६ अंशांवर आलेलं असतं. म्हणून अल्ट-अ‍ॅझवाल्याने वस्तू सर्वांत उंच असताना पाहण्याची जुनी सवय सोडावी आणि ती पूर्वेला चढताना किंवा पश्चिमेला कलताना, ३० ते ६५ अंशांच्या पट्ट्यात धरावी. याच कमी अक्षांशामुळे इथे मृगासारखी नक्षत्रं जवळजवळ सरळ वर चढतात आणि बराच वेळ पूर्वेलाच राहतात, हा आपला फायदा.

अल्ट-अ‍ॅझ म्हणजे शिकाऊंचं खेळणं, ही समजूतही याच्याच पोटातली. १९४८ मध्ये पालोमार पर्वतावर सुरू झालेली ५ मीटरची हेल दुर्बीण इक्विटोरियल होती. पण १९७५ मध्ये कॉकेशस पर्वतात उभी राहिलेली ६ मीटरची सोव्हिएत दुर्बीण अल्ट-अ‍ॅझ झाली, आणि त्यानंतरच्या बहुतेक सगळ्या मोठ्या दुर्बिणींनी तीच वाट धरली. पुणे जिल्ह्यात गिरवलीच्या डोंगरावरची आयुकाची २ मीटरची दुर्बीण अल्ट-अ‍ॅझ आहे. तिथे भ्रमण काढण्यासाठी उपकरणच उलट फिरवतात, आपण ते काम संगणकावर करतो. २०२३ मध्ये आलेली सीस्टार एस ५० ही ५० मिलिमीटरची तयार दुर्बीणही अल्ट-अ‍ॅझ म्हणूनच बाजारात आली, १० ते ३० सेकंदांचे फोटो रचत.

«इक्विटोरियल घेतलं तर ध्रुवाशी काटेकोर जुळणी हवीच»

महाराष्ट्रात ध्रुवतारा क्षितिजापासून १६ ते २२ अंश एवढाच वर असतो. शहरात तो समोरच्या इमारतीमागे असतो आणि किनाऱ्यावर दमट धुरकटपणात बुडालेला असतो. त्यामुळे जुळणी जमणार नाही या भीतीने लोक इक्विटोरियलच्या वाटेलाच जात नाहीत, किंवा घेतलेलं माउंट घडी करून ठेवतात.

आता आकडा पाहा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे ४० कला दूर आहे. समजा, तुम्ही कसलंही गणित न करता माउंटचा अक्ष थेट ध्रुवताऱ्यावरच रोखला. या ४० कलांच्या चुकीने तारा दहा सेकंदांत जास्तीत जास्त पावणेदोन विकला सरकतो. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या छोट्या दुर्बिणीवर २.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला तर एक पिक्सेल म्हणजे दीड विकला. म्हणजे ज्या चुकीने पाच मिनिटांचा फोटो वाया गेला असता, ती ईएएच्या एका फोटोत पिक्सेलभराची असते. तासाभरात दृश्य दहाएक कला सरकेल, ते एकदा पुन्हा मध्यावर घ्यायचं. ध्रुवतारा अजिबात दिसत नसेल तरी आकाशाच्या दुसऱ्या भागाचे फोटो घेऊन जुळणी सांगणारी सॉफ्टवेअर आहेत. निना या मोफत सॉफ्टवेअरसाठी मिळणारी तीन बिंदूंची पद्धत त्यातलीच.

इथली खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कोणी सांगत नाही. अक्ष इतका खाली झुकवावा लागतो, की काही इक्विटोरियल माउंटांत प्रतिभाराचा दांडा किंवा वजन तिपाईच्या पायाला आपटतं. काहींचा अक्षांशाचा स्क्रू या टोकाला जड फिरतो. माउंट पसंत करताना ते आपल्या अक्षांशावर लावून, सगळीकडे फिरवून बघावं.

«गाइडिंग नाही, पिरिऑडिक एरर मोठी आहे, म्हणजे माउंट निरुपयोगी»

गिअरच्या घडणीमुळे प्रत्येक माउंट ठरावीक काळाने थोडं पुढे-मागे होतं. अलीकडच्या हार्मोनिक गिअरच्या माउंटांत हा दोष जास्त असतो. समजा, माउंट सात मिनिटांच्या आवर्तनात २० विकला इकडे आणि २० विकला तिकडे जातं. लांब फोटोसाठी, माउंटच्या चुका टिपून सुधारणाऱ्या गाइड कॅमेऱ्याशिवाय ते खरंच चालणार नाही. पण आवर्तनाच्या सर्वांत वाईट क्षणीही दहा सेकंदांत ते तीन विकलांच्या आसपास हलतं, म्हणजे वरच्या ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर दोन पिक्सेल, आणि बाकीच्या वेळी त्याहून कमी. पुढचा फोटो सॉफ्टवेअर पुन्हा जुळवून घेतंच.

पण मुळात फोटो लांबच घेतले तर वस्तू अधिक दिसणार नाही का? जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांत प्रत्येक फोटो वाचताना बराच गोंगाट मिसळायचा, म्हणून फोटो थोडे आणि लांब घेणं फायद्याचं होतं. आजच्या सीमॉस सेन्सरांत तो गोंगाट फार थोडा असतो. शहरात मुखाच्या मानाने आखूड नाभीय अंतराच्या दुर्बिणीतून तर काही सेकंदांतच आकाशाचा उजेड त्याला झाकून टाकतो. त्यापुढे दहा सेकंदांचे साठ फोटो आणि एका मिनिटाचे दहा फोटो यांत पडद्यावर फरक ओळखू येत नाही. उलट मध्येच विमान गेलं किंवा वाऱ्याचा झोत आला, तर पहिल्या पद्धतीत दहाच सेकंद वाया जातात.

«गो-टू अचूक हवं»

वस्तूकडे दुर्बीण आपोआप वळवण्याच्या सोयीचा, म्हणजे गो-टूचा हा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. कॅमेरा जोडलेला असताना संगणक फोटोतल्या ताऱ्यांची मांडणी ओळखून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते काही सेकंदांत सांगतो आणि माउंटला हवं तेवढं सरकवतो. त्यामुळे माउंटने जवळपास पोहोचणं पुरतं. मात्र संगणकाकडून आज्ञा घेण्याची सोय त्यात हवी, एवढं तपासून घ्या.

मोटरच नसलेल्या डॉब्सोनियन दुर्बिणीवर मात्र ईएए जमेल असं समजू नका. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. वरच्याच कॅमेऱ्याने पाहिलं तर सेकंदाला दहा पिक्सेल. चंद्र आणि ग्रहांचे क्षणिक फोटो निघतील, तेजोमेघासाठी मोटर लागतेच.

«माउंटवर लिहिलेली क्षमता म्हणजे खरी क्षमता» आणि «जितकं जड, तितकं चांगलं»

ही दोन्ही मतं एकाच माणसाकडून ऐकायला मिळतात आणि दोन्ही अपुरी आहेत. कंपनी किलो सांगते, पण माउंटला जाणवते ती लांबी. तीन किलोंची आखूड दुर्बीण जिथे सुखाने बसते, तिथे तेवढ्याच वजनाची मीटरभर लांब नळी वाऱ्यात डोलते. जमेल तर दुर्बीण चढवून नळीच्या टोकाला हलकी टिचकी मारून बघा. पडद्यावरचा तारा दोन-तीन सेकंदांत थांबला तर माउंट तुमच्या कामाचं. तिपाईचे पाय पूर्ण न लांबवता लावले तर स्थैर्य बरंच सुधारतं, आणि गच्चीवर माणसं चालताना स्लॅब हलतो हेही विसरू नये.

दुसऱ्या बाजूला ईक्यू ६-आरसारखं माउंट घ्या. त्याची २० किलोंची क्षमता निर्विवाद आहे, पण नुसतं डोकंच सतरा किलोंच्या आसपास भरतं, शिवाय तिपाई आणि पाच-पाच किलोंची वजनं. वांगणीला किंवा गावच्या शेतावर गाडीने नेणाऱ्याला ते परवडेल. लिफ्टनंतरचा शेवटचा जिना चढून गच्चीवर जाणाऱ्याचं मात्र महिन्याभरात मन मोडतं. पावसाळ्याचे चार महिने वजा जाता आपल्याकडे मोकळं आकाश तसंच थोडं. ज्या रात्री तासभरच सवड आहे त्या रात्री पंधरा मिनिटांत उभं राहणारं माउंट ईएएसाठी जास्त उपयोगी, असं माझं स्पष्ट मत आहे. ८० मिलिमीटर व्यासाची आणि ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण असेल, तर एझेड-जीटीआयसारखं पाच किलो पेलणारं छोटं अल्ट-अ‍ॅझ पुरतं. ते घेऊन उरलेले पैसे कॅमेऱ्यावर खर्च करावेत.

इक्विटोरियलची गरज खरोखर लागते ती काही ठरावीक कामांना. अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावले की आकाशाचा उजेड जवळजवळ नाहीसा होतो आणि फोटो मिनिटांचे घ्यावे लागतात. रूपविकारी ताऱ्याची तेजस्विता रात्रभर मोजायची तर चित्र न फिरलेलंच बरं. दीड-दोन मीटर नाभीय अंतरावर एक पिक्सेल ०.३ ते ०.४ विकलांएवढा होतो, तिथे वर मांडलेलं ध्रुवाशी जुळणीचं आणि पिरिऑडिक एररचं गणित चार-पाच पट कडक होतं. रिड्यूसर लावून नाभीय अंतर कमी करणं हा त्यावर पहिला आणि स्वस्त उपाय. आज ईएए आणि उद्या छायाचित्रण असा विचार असेल, तर दोन्ही पद्धतींनी चालणारी माउंट मिळतात. एझेड-जीटीआयही तिरक्या बैठकीवर, म्हणजे वेजवर चढवून आणि त्याचं फर्मवेअर बदलून इक्विटोरियल करता येतं. ती वेज कोल्हापूरसाठी पावणेसतरा आणि पणजीसाठी साडेपंधरा अंशांपर्यंत खाली येते का, ते पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.