वाळ्याची कड, मातीची ठेव

उन्हाळ्यात माठातील पाण्यात वाळ्याची जुडी सोडण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. उत्तर भारतात हेच गवत ‘खस’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या सुगंधी मुळांना बाजारात भाव आहे. परंतु ती मुळे जमिनीतच राहिली तर त्यांचे मोल अधिक, हे कर्नाटकातील गुंडलुपेट परिसरातील शेतकऱ्यांनी फार पूर्वीच जाणले होते. म्हैसूरच्या दक्षिणेकडील या भागात शेताच्या हद्दीवर वाळ्याची दाट रांग राखण्याची परंपरा शतकाहून जुनी आहे.

या परंपरेकडे जगाचे लक्ष १९८० च्या दशकात वेधले गेले. जागतिक बँकेचे कृषितज्ज्ञ रिचर्ड ग्रिमशॉ व जॉन ग्रीनफिल्ड यांनी मृदसंधारणासाठी वाळ्याचा पुरस्कार केला. ग्रीनफिल्ड यांनी १९५० च्या दशकात फिजी बेटांवरील उसाच्या शेतीत याच गवताचा उपयोग केला होता.

उतारावरील शेतात पावसाचे पाणी वेग घेते आणि सुपीक माती वाहून नेते. मातीचा बांध हे पाणी अडवितो खरा; पण एका जागी खिंडार पडले की साचलेले सारे पाणी तेथूनच धावते. वाळ्याची रांग पाणी अडवीत नाही, त्याचा वेग मोडते. पाणी पानांतून झिरपत पसरून पुढे जाते, गाळ मात्र मागे राहतो. गाळ साचेल तसे गवतही त्यातून वर येते आणि काही वर्षांत उतारावर आपोआप पायऱ्या तयार होतात. मुळे सरळ खाली, तीन मीटरपर्यंतही जात असल्याने शेजारच्या पिकाशी त्यांची स्पर्धा अल्प असते.

लागवडीसाठी बी न धरणारा दक्षिण भारतीय प्रकार निवडावा. तो तण होऊन शेतात पसरत नाही. पावसाळ्याच्या आरंभी ठोंब फोडून, पाने व मुळे छाटून, समपातळी रेषेवर १० ते १५ सेंटिमीटर अंतराने लावावेत. दोन रांगांतील उंचीचा फरक साधारण दोन मीटर ठेवला, तर पाच टक्के उताराच्या शेतात त्यांच्यात ४० मीटर अंतर राहते.

खरी कसोटी लागवडीनंतर लागते. पहिल्या वर्षी मेलेल्या रोपांच्या जागा तातडीने भरल्या नाहीत, तर पाणी नेमकी तीच वाट शोधते. ३० ते ५० सेंटिमीटर उंचीवर छाटणी केल्यास फुटवे वाढून रांग दाट होते. कोवळी पाने गुरांना, जून पाने आच्छादनास उपयोगी पडतात. रांग रुंदावू नये म्हणून गुंडलुपेटचे शेतकरी नांगरणीच्या वेळी तिच्या कडेने नांगर फिरवीत, इतकी साधी ही निगा आहे.

मोह होतो तो मुळांचाच. अडचणीच्या वर्षी रांग खणून मुळे विकली, तर हाती थोडी रक्कम येते. पण पुढच्याच पावसात मोकळ्या झालेल्या वाटेने माती निघून जाते. इंचभर माती तयार होण्यास शतके लागतात. मुळांच्या विक्रीसाठी वाळा लावायचाच असेल, तर त्याचा वाफा सपाट जमिनीवर, निराळा असावा. बांधावरील वाळ्याची पाने हे व्याज. ते दरवर्षी घ्यावे. मुळे मात्र मुद्दल आहेत, आणि शेताची पत त्या मुद्दलावरच उभी असते.